क्लोझापिन : रक्ताचा धाक, पोटाचा विसर

फैजपूर-सावदा भागातल्या एखाद्या घरातला तरुण चार-पाच वर्षं स्किझोफ्रेनियाच्या गोळ्या घेतो आहे. आधी रिस्पेरिडोन झाली, मग ओलान्झापिन. कानात येणारे आवाज थोडे दबले, पण गेले नाहीत. शेजारी आपल्यावर पाळत ठेवतात हा संशय तसाच आहे. मग जळगावचे मानसोपचारतज्ज्ञ सांगतात, "क्लोझापिन सुरू करू. मात्र सुरुवातीला दर आठवड्याला रक्त तपासावं लागेल." हे ऐकल्यावर घरचे हबकतात. ज्या औषधासाठी दर आठवड्याला सुई टोचून घ्यायची ते औषध केवढं जहाल असेल, असा हिशेब मनात होतो आणि कितीतरी घरं तिथूनच मागे फिरतात.

माझं मत आधीच सांगून टाकतो. हे औषध बहुतेकांना उशिरा मिळतं, आणि मिळाल्यावर घरचे व कधी कधी डॉक्टरही एकाच धोक्याकडे डोळे लावून बसतात. रक्ताची तपासणी हवीच, तिच्यात सूट नाही. पण ती सोडून इतर चार गोष्टी अशा आहेत की त्या तालुक्याच्या गावात, घरच्या माणसांनीच सांभाळायच्या असतात, आणि त्यांबद्दल त्यांना कोणी नीट बसून सांगत नाही.

पहिला प्रश्न, हे औषध कोणासाठी? दोन वेगवेगळी अँटिसायकोटिक औषधं, पुरेशा मात्रेत, प्रत्येकी किमान सहा आठवडे घेऊनही आजार आटोक्यात आला नाही, तर त्याला उपचारांना दाद न देणारा स्किझोफ्रेनिया म्हणतात. साधारण तीनातल्या एका रुग्णाच्या वाट्याला हा येतो. मात्र असा शिक्का मारण्याआधी एक चौकशी व्हायला हवी, ती म्हणजे गोळ्या खरंच पोटात गेल्या का? जिभेखाली धरून नंतर मोरीत थुंकलेली गोळी, "बरं वाटतंय" म्हणून मधे महिनाभर बंद केलेली गोळी, याने आजार हट्टी दिसतो आणि दोष औषधाच्या माथी जातो. शंका असेल तर डॉक्टर दोन किंवा चार आठवड्यांनी घ्यायचं इंजेक्शन सुचवतात, म्हणजे तो प्रश्नच मिटतो. एवढं करूनही दोन औषधं फसली, की तिसरं, चौथं, पाचवं बदलत बसण्यात फारसा अर्थ नसतो. तिथे क्लोझापिनचा नंबर लागतो.

या औषधाचा धाक कुठून आला तेही थोडक्यात पाहू. १९५८ साली स्वित्झर्लंडमधल्या बर्न शहरात वांडर कंपनीने ते तयार केलं आणि सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीला ते युरोपात विकायला आलं. १९७५ साली फिनलंडमध्ये थोड्याच महिन्यांत काही रुग्णांच्या रक्तातल्या पांढऱ्या पेशी एकदम कोसळल्या आणि त्यातले आठ जण जंतुसंसर्गाने दगावले. बऱ्याच देशांत औषध मागे पडलं. पुढे १९८८ साली अमेरिकेतल्या जॉन केन आणि सहकाऱ्यांनी २६८ अशा रुग्णांवर अभ्यास केला, ज्यांना इतर कशानेच गुण आला नव्हता. सहा आठवड्यांत जुन्या क्लोरप्रोमॅझिनने ४ टक्के रुग्ण सुधारले, क्लोझापिनने ३० टक्के. या आकड्यांच्या जोरावर १९८९ मध्ये अमेरिकेत त्याला परवानगी मिळाली, ती रक्ततपासणीच्या अटीवर. आज जागतिक आरोग्य संघटनेच्या अत्यावश्यक औषधांच्या यादीत ते आहे. या आजारात होणाऱ्या आत्महत्या कमी करण्यातही त्याचा उपयोग सिद्ध झाला आहे.

आता रक्ताकडे येऊ. आपल्या रक्तात पांढऱ्या पेशींचे अनेक प्रकार असतात. त्यातल्या न्यूट्रोफिल नावाच्या पेशी जिवाणूंशी लढतात. क्लोझापिन घेणाऱ्या शंभरातल्या एकाहूनही कमी माणसांत या पेशी जवळजवळ नाहीशा होतात. हे बहुतेक वेळा पहिल्या अठरा आठवड्यांत घडतं, म्हणून त्या काळात दर आठवड्याला तपासणी. पुढचं वेळापत्रक देशागणिक थोडं बदलतं. ब्रिटनमध्ये अठरा आठवडे दर आठवड्याला, मग वर्ष पुरं होईपर्यंत पंधरा दिवसांनी, त्यानंतर दर महिन्याला. अमेरिकेत दर आठवड्याची तपासणी सहा महिने चालते. आपल्याकडे अनेक डॉक्टर अठरा आठवड्यांनंतर थेट महिन्यावर येतात. तुमच्या डॉक्टरांनी जे ठरवून दिलं असेल ते वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवा.

यासाठी जळगावला जायची गरज नाही, हे मुद्दाम सांगायला हवं. लागते ती साधी सीबीसी तपासणी, जी तापात सगळेच करतात. फैजपूर, सावदा, यावल, रावेर, कुठल्याही पॅथॉलॉजी लॅबमध्ये ती होते. रिपोर्टचा फोटो डॉक्टरांना व्हॉट्सॲपवर गेला की काम झालं. फक्त रिपोर्टमधला नेमका कोणता आकडा बघायचा ते घरच्यांना यायला हवं. लॅब एकूण पांढऱ्या पेशी देते आणि त्यात न्यूट्रोफिल किती टक्के तेही देते. दोहोंचा गुणाकार करून शंभराने भागायचं. एकूण पेशी ६,००० आणि न्यूट्रोफिल ५५ टक्के असतील तर उत्तर ३,३००, काळजी नाही. एकूण ४,२०० आणि न्यूट्रोफिल ३२ टक्के असतील तर उत्तर येतं १,३४४. इथे गंमत अशी की एकूण ४,२०० हा आकडा छापील मर्यादेत बसतो, त्याखाली लाल रेघही नसते. पण गुणाकार केला की कळतं, माणूस १,५०० च्या खाली आला आहे. या आकड्याला डॉक्टरांना त्याच दिवशी फोन जायला हवा. जुन्या, जास्त सावध पद्धतीत १,५०० च्या खाली गोळी थांबवतात. अमेरिकेच्या नियमांत १,५०० ते १,००० दरम्यान आठवड्यातून तीनदा तपासतात आणि १,००० च्या खाली थांबवतात. थांबवायचा निर्णय डॉक्टरांचा. गुणाकार मात्र आठवी शिकलेली बहीणही करू शकते.

ब्रिटनमध्ये रक्ताचा रिपोर्ट नोंदणीत आल्याशिवाय दुकानदार गोळ्या देत नाही. आपल्याकडे अशी देशव्यापी नोंदणी नाही. चिठ्ठी दाखवली की मेडिकलवाला पाकीट देतो, रिपोर्ट मागत नाही. म्हणजे तिकडे जे काम यंत्रणा करते ते इकडे घरातल्या वहीने करायचं. तारीख, एकूण पेशी, न्यूट्रोफिल टक्के, गुणाकार, गोळीची मात्रा असे पाच रकाने पुरेत. अमेरिकेने २०२५ मध्ये नोंदणीची सक्ती काढून टाकली, त्यावरून "आता रक्त तपासायची गरज नाही" असा अर्थ काढू नये. तपासणीची शिफारस तिकडेही कायम आहे.

सुरुवातीला म्हटलेल्या चार गोष्टींतली पहिली तापाची. तपासणीची तारीख लांब असली तरी ती तारखेसाठी थांबत नाही. ताप, घसा दुखणं, तोंडात फोड आले, तर त्याच दिवशी सीबीसी. सुरुवातीच्या तीन आठवड्यांत क्लोझापिनमुळे साधा तापही येतो आणि आपोआप जातो, पण तो साधा आहे हे रक्त बघूनच ठरवायचं. शिवाय पहिल्या दोन महिन्यांत क्वचित हृदयाच्या स्नायूला सूज येते. तापासोबत छातीत दुखणं, दम लागणं, बसल्या जागी नाडी धावणं असं काही झालं तर गावच्या डॉक्टरांकडे सलाइन लावून घेण्यात वेळ न घालवता ईसीजी आणि रक्ताच्या तपासण्या होतात अशा रुग्णालयात जायचं.

दुसरी गोष्ट पोटाची. रक्ताचं एवढं सगळं आपण सांभाळतो, आणि पोटाचं विचारतच नाही. मला या औषधाची खरी अडचण इथे दिसते. क्लोझापिनने आतड्यांची हालचाल मंदावते. न्यूझीलंडमधल्या अभ्यासात इतर औषधं घेणाऱ्यांच्या मोठ्या आतड्यातून अन्न पुढे सरकायला साधारण २३ तास लागत होते, क्लोझापिन घेणाऱ्यांना १०० तासांहून जास्त. चार पट! आणि त्यातल्या कितीतरी जणांची पोटाबद्दल काही तक्रारच नव्हती. या आजारात माणूस आपल्या शरीराबद्दल कमी बोलतो, दुखणंही कमी सांगतो. मल साचत जातो, आतडं फुगतं, एखाद्या दिवशी पूर्ण थांबतं, आणि मग प्रकरण शस्त्रक्रियेवर किंवा जिवावर जातं. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने जानेवारी २०२० मध्ये याबद्दलचा इशारा अधिक कडक केला. रक्तावर इतकी करडी नजर असते की आज पांढऱ्या पेशी कोसळून होणाऱ्या मृत्यूंपेक्षा तुंबलेल्या आतड्याने होणारे मृत्यू जास्त असावेत, असं या विषयातले अनेक तज्ज्ञ मानतात.

म्हणून वहीत सहावा रकाना घाला : शौचाला झाली का, आणि कशी झाली. संकोच वाटेल. तरण्याताठ्या मुलाला आईने रोज हे विचारायचं म्हणजे दोघांनाही अवघड जातं. मग त्याला स्वतःलाच खूण करायला द्या, किंवा भावाने विचारावं. दोन दिवस खूण नसेल तर तिसऱ्या दिवसाची वाट बघू नका, डॉक्टरांशी बोला. खरं तर औषध सुरू होतानाच पोट साफ ठेवायचं औषधही सोबत द्यावं, असा बऱ्याच तज्ज्ञांचा आग्रह आहे.

इथे घरोघरचा उपाय थोडा आडवा येतो. बद्धकोष्ठ म्हटलं की आपल्याकडे इसबगोल आणतात. इसबगोल पाणी शोषून मलाचा आकार वाढवतो, आणि मग आतडं तो पुढे ढकलतं. पण इथे ढकलण्याची ताकदच कमी झालेली असते. मागे गाड्यांची रांग वाढवून पुढचा बंद घाट मोकळा होत नाही, तसं ते होतं. म्हणून क्लोझापिनवर असणाऱ्यांना शक्यतो आतड्याला चालना देणारी सोनामुखी किंवा बिसाकोडिल आणि मल मऊ करणारं लॅक्टुलोज किंवा मॅक्रोगॉल अशी औषधं देतात, कोणतं आणि किती ते डॉक्टर ठरवतात. केळीच्या पट्ट्यात राहतो, रोज चार केळी खातो, मग बद्धकोष्ठ कसं होईल, असंही ऐकायला मिळतं. केळी खा, भाज्या खा, पाणी भरपूर प्या, चाला. पण त्यावर विसंबू नका. पोट फुगलंय, सारखं दुखतंय, उलट्या होताहेत, वातही सरत नाही, तर ती रात्र घरात काढायची नाही. साचलेल्या मलाच्या कडेने पातळ शौच झिरपते, त्यामुळे "जुलाब होतोय म्हणजे पोट मोकळं आहे" हा समजही फसवा ठरतो. रुग्णालयात पोचताच पहिलं वाक्य हेच सांगा की माणूस क्लोझापिनवर आहे.

तिसरी गोष्ट चुकलेल्या गोळीची. औषध सुरू करताना २५ मिलिग्रॅमच्या गोळीची अर्धी, म्हणजे १२.५ मिलिग्रॅम देतात आणि मग दोन-तीन आठवड्यांत हळूहळू वाढवत नेतात. बऱ्याच जणांना दिवसाला ३०० ते ४५० लागतं, आशियाई लोकांना आणि स्त्रियांना त्याहून कमी पुरतं. कमाल मर्यादा ९०० आहे. हळू वाढवण्याचं कारण असं की रक्तदाब घसरणं, गुंगी, झटके यांची शरीराला हळूहळू सवय व्हावी लागते. ही सवय दोन दिवसांत मोडते. एखादी वेळ चुकली तर पुढच्या वेळेला नेहमीचीच मात्रा घ्यायची, दुप्पट नाही. पण ४८ तासांहून जास्त खंड पडला, तर कालपर्यंत पचणारी ३०० ची मात्रा आज त्याला चक्कर आणून पाडू शकते, हृदयावर ताण आणू शकते. तेव्हा पुन्हा साडेबारापासूनच सुरुवात, आणि तीही डॉक्टरांना विचारून. उलट बाजूने, एकदम बंद केल्यास आजार आधीपेक्षा जोरात उसळतो.

आपल्याकडे हा ४८ तासांचा खंड ठरलेल्या जागी पडतो. लग्नात गोळ्या घरी राहतात. मुक्ताईनगरहून निघणाऱ्या मुक्ताईच्या पालखीसोबत पंढरपूरला निघालेल्या माणसाची पिशवी वाटेत भिजते. बुलडाणा जिल्ह्यातल्या पिंपळगाव सराईला, सैलानी बाबांच्या दर्ग्यावर नेतात तेव्हा "तिथे असेपर्यंत गोळी नको" असं कोणीतरी सुचवतं. दर्ग्यावर जायला, भगताचा अंगारा लावायला माझी हरकत नाही. श्रद्धेने कोणाच्या न्यूट्रोफिल पेशी कमी होत नाहीत. गोळ्या मात्र सोबत हव्यात, आणि दोन ठिकाणी ठेवलेल्या हव्यात : थोड्या रुग्णाजवळ, थोड्या सोबतच्या माणसाच्या खिशात.

चौथी गोष्ट बिडीची. बिडी-सिगारेटच्या धुरातली काही द्रव्यं यकृतातलं एक विकर चेतवतात, आणि ते क्लोझापिनचा लवकर फडशा पाडतं. म्हणजे रोज बंडल संपवणाऱ्याला जास्त मात्रा लागते. असा माणूस कुठल्याही कारणाने रुग्णालयात दाखल झाला, तिथे बिडी बंद झाली, की आठवडाभरात तीच मात्रा त्याला जास्त होते : झोपून राहतो, तोंडातून लाळ गळते, कधी फिट येते. सुटी होऊन घरी आला, पारावर पुन्हा बिडी सुरू केली, की मात्रा अपुरी पडते आणि आवाज परत येतात. घरच्यांना वाटतं औषधाचा गुण गेला. निकोटिनचा यात हात नाही, धुराचा आहे. त्यामुळे तंबाखू मळून खाण्याने हा फरक पडत नाही. तरी तंबाखू सोडायला कर्करोगाचं कारण पुरेसं आहे. बिडी सोडणं चांगलंच, फक्त सोडण्याआधी डॉक्टरांना सांगा, म्हणजे ते मात्रा कमी करतील. चहा-कॉफी एकदम खूप वाढवली तर त्यातल्या कॅफिननेही औषधाची पातळी चढते. मोठ्या जंतुसंसर्गातही चढते. जुलाबाला किंवा लघवीच्या जळजळीला सर्रास दिली जाणारी सिप्रोफ्लॉक्सासिन हे विकर अडवते, म्हणून तीही चढवते. कार्बामॅझेपिन आणि को-ट्रायमॉक्सॅझोल रक्तपेशींवर वेगळा भार टाकतात. गावच्या डॉक्टरांकडे साध्या तापासाठी गेलात तरी चिठ्ठी लिहिण्याआधी वही पुढे करा.

बाकीचे त्रास लवकर आवरतो. रात्री उशी भिजेल एवढी लाळ गळते. कुशीवर झोपवा, उशीवर टॉवेल टाका. ती थांबवायला दिलेली काही औषधं पोट आणखी तुंबवतात, हे लक्षात ठेवून डॉक्टरांशी बोला. वजन आणि साखर वाढते, तेव्हा सुरुवातीला वजन, कंबर, उपाशीपोटी साखर लिहून ठेवा आणि काही महिन्यांनी पुन्हा बघा. पहिले काही आठवडे सकाळी एकदम उठायचं नाही, आणि अंकलेश्वर-बऱ्हाणपूर रस्त्यावर मोटारसायकल चालवायची नाही.

खान्देशात राहणाऱ्यांसाठी एक जास्तीची सूचना. मे महिन्यात जळगाव-भुसावळचा पारा ४५ अंशांवर जातो. या गटातली औषधं शरीराची उष्णता आवरण्याची यंत्रणा बिघडवतात, घामही कमी येतो. त्यातच पाणी कमी पडलं तर पोटही तुंबतं. दुपारी बारा ते चार शेतात, केळीच्या बागेतसुद्धा, पाठवू नका. पाणी, मिठाचं ताक पाजत राहा. रसवंतीच्या उसाच्या रसाने साखर वाढते. अंग तापलंय, पण घाम नाही आणि बोलणं भरकटतंय, तर तो आजार उसळला असं समजून खोलीत बंद करू नका. तो उष्माघात असू शकतो.

गुण यायला वेळ लागतो. पुरेशा मात्रेवर किमान तीन महिने, काहींना सहा महिने. सगळ्यांना येतोच असंही नाही. आला तर बहुतेक वेळा आवाज आधी मंद होतात, नंतर झोप लागते, मग एखाद्या दिवशी माणूस स्वतःहून दाढी करतो, बाजारात जाऊन येतो. आवाज पूर्ण न जाताही आयुष्य बरंच परत मिळतं.

मदत कुठे मिळते? मनोरुग्णांसाठीची राज्याची जुनी चार प्रादेशिक रुग्णालयं येरवडा, ठाणे, नागपूर आणि रत्नागिरीला आहेत, खान्देशात एकही नाही. त्यामुळे इथल्या लोकांचा आधार म्हणजे जळगाव आणि धुळ्याची शासकीय वैद्यकीय महाविद्यालयं आणि जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रम. २०१७ च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्याने सरकारी सेवेत उपचार मिळणं हा हक्क केला आहे, आणि आरोग्यविमा कंपन्यांना मानसिक आजार शारीरिक आजारांसारखाच धरावा लागतो. २०१६ च्या दिव्यांग कायद्यात मानसिक आजार येतो. प्रमाणपत्र मिळालं तर काही सवलती मिळतात.

आणि बोलायला माणूसही लागतो. मूळचे धुळ्याचे, कॅनडात कॅलगरी विद्यापीठात प्राध्यापक राहिलेले डॉ. जगन्नाथ वाणी यांच्या पत्नीला हा आजार होता. त्यांनी तो लपवला नाही. १९९७ साली पुण्यात त्यांनी स्किझोफ्रेनिया अवेअरनेस असोसिएशन उभी केली, जिथे रुग्णांचे घरचे एकत्र बसून बोलतात. २००४ च्या 'देवराई' या चित्रपटामागेही त्यांचा हात होता. खान्देशातल्या एका माणसाने पुण्यात जे केलं ते यावल-रावेर पट्ट्यात चार घरांनी मिळून का करू नये? वही कशी ठेवायची हे नव्या घराला जुनं घर जितकं नीट शिकवेल तितकं छापील माहितीपत्रक शिकवणार नाही.

रात्री-अपरात्री काही अडलं तर टेलि-मानसचा १४४१६ हा क्रमांक चोवीस तास, विनाशुल्क आणि मराठीतही चालतो. पण ताप, छातीत दुखणं किंवा फुगलेलं पोट असेल तर फोनवर थांबू नका, रुग्णालय गाठा. आणि तुमच्या घरी कोणी आधीच क्लोझापिनवर असेल, तर पुढच्या भेटीची वाट न बघता आज संध्याकाळीच त्याला विचारा : शौचाला शेवटची कधी झाली?